उंदीर बदलला आणि साप उपाशी राहिला

वाचकांचे प्रश्न

पाळीव सापांच्या खाण्याविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण थोड्याफार फरकाने इतर अनेकांनी कळवली असल्यामुळे त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. मराठीत लहानमोठ्या सगळ्यांना आपण उंदीरच म्हणतो, परंतु या विषयात तो फरक महत्त्वाचा आहे. म्हणून साप पाळणाऱ्यांच्या बोलण्यातले शब्द वापरून लहान पांढऱ्या उंदराला ‘माऊस’ आणि मोठ्या पांढऱ्या उंदराला ‘रॅट’ म्हटले आहे.

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांची बॉल पायथन मादी आहे. शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर तिची रीतसर नोंदणी केलेली आहे. आणली तेव्हापासून ती जिवंत माऊस खाते. आता तिचे वजन १,१०० ग्रॅम झाले असून एका वेळी तीन माऊस लागतात. ते दर वेळी मिळवणे आणि तोवर घरात सांभाळणे जमेनासे झाले, म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस गोठवलेला रॅट आणून, वितळवून तिला दिला. तिने डोके वेटोळ्यात लपवले. आणखी दोनदा असेच झाले. आज सहा आठवडे ती उपाशी आहे. पुन्हा जिवंत माऊस द्यावा, की ती भुकेने रॅट घेईपर्यंत वाट पाहावी?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : प्रथम काळजी थोडी कमी करतो. निरोगी, प्रौढ बॉल पायथनला सहा आठवड्यांचा उपास बाधत नाही. घाना, टोगो, बेनिन अशा पश्चिम आफ्रिकी देशांपासून मध्य आफ्रिकेपर्यंत आढळणारा हा साप दिवसा बहुधा बिळात राहतो आणि वर्षातील काही महिने न खाता काढू शकतो. म्हणून उपासाचे दिवस मोजत बसण्यापेक्षा वजनाची नोंद ठेवावी. सापासाठी वेगळा ठेवलेला डिजिटल काटा घ्यावा, आठवड्यातून एकदा वजन करावे आणि तारखेसह वहीत लिहावे. आपल्या मादीचे वजन ११० ग्रॅमच्या आसपास घटले, पाठीचा कणा उठून दिसू लागला, तोंडाशी बुडबुडे आले किंवा ती तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागली, तर उंदराचा विचार बाजूला ठेवून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे तिला न्यावे.

आपण नोव्हेंबरच्या अखेरीस बदल सुरू केलात, ही गोष्ट पत्रात ओघात आली असली तरी मला ती फार महत्त्वाची वाटते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १०-१२ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जाते, आणि सिंहगड रस्त्याच्या नदीकडील बाजूस गारठा अधिकच जाणवतो. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला ३१ ते ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास तापमान दिवसरात्र राहिले पाहिजे. खोली गार पडल्यावर खालचा हीटिंग पॅड एकटा पुरा पडत नाही, आणि पॅड पुरेसा आहे असे आपल्याला वाटते ते तापमापक पेटीच्या वरच्या भागात चिकटवलेला असल्यामुळे. तो साप जेथे प्रत्यक्ष बसतो तेथे, जमिनीलगत ठेवून पहाटे पाच वाजता वाचावा. सापाला अन्न पचवण्यासाठी बाहेरून ऊब घ्यावी लागते. ती मिळत नसेल तर तो खाण्याचे टाळतो, आणि अशा स्थितीत खाल्लेच तर दोन-चार दिवसांनी उलटून टाकतो. शिवाय थंडीच्या दिवसांत पेटीतील ऊब नीट असूनही अनेक प्रौढ बॉल पायथन स्वतःहून खाणे थांबवतात. तेव्हा आपल्या मादीने रॅट नाकारला की तिने हिवाळ्याचा उपास धरला, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरी अडचण अशी की आपण एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यात. भक्ष्य जिवंत होते ते मेलेले झाले, लहान होते ते मोठे झाले आणि माऊसच्या वासाच्या जागी रॅटचा वास आला. मी स्वतः पूर्वी हीच चूक केली आहे. धनकवडीतील एका घरी सांभाळायला घेतलेल्या बॉल पायथनला मी पहिल्याच दिवशी मोठा, मेलेला रॅट दिला आणि त्यानंतर त्याने पाच महिने कशालाही तोंड लावले नाही. त्याने रॅटच्या वासाला नकार दिला, आकाराला की निश्चलपणाला, हे कळण्याचा मार्ग मीच बंद करून टाकला होता.

साप भक्ष्य कसे ओळखतो हे लक्षात घेतले की पुढचा क्रम आपोआप ठरतो. तो जीभ बाहेर काढून हवेतील आणि जमिनीवरील गंधकण गोळा करतो आणि टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतो. हे खाण्याजोगे आहे का, हे मुख्यतः तेथे ठरते. त्याखेरीज बॉल पायथनच्या वरच्या ओठाशी उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात आणि झडप कोठे घालायची हे त्यांच्या मदतीने ठरते. हालचाल ही तिसरी खूण होय. लहानपणापासून एकाच प्रकारचे भक्ष्य मिळालेल्या सापाच्या लेखी अन्न म्हणजे तोच एक वास. रॅट त्याला आवडत नाही असे म्हणणे बरोबर नाही, कारण रॅट हे अन्न आहे हे त्याला अजून उमगलेलेच नसते. भुकेने ते उमगेलच असे नाही. म्हणून ‘उपाशी ठेवले की झक मारत खाईल’ हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मान्य नाही. पिल्लांच्या बाबतीत तर तो जिवावर बेतू शकतो.

आपण आता काय करावे? सध्या काहीच बदलू नये. पेटीतील ऊब नीट करावी, दोन्ही टोकांना अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशी लपण्याची जागा द्यावी आणि हाताळणे कमी करावे. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे आपल्याकडे म्हणतात, त्यानंतर सुरुवात केली तरी उशीर होणार नाही. मधल्या काळात वजन घटत नसेल तर तिला काहीही देऊ नये. घटत असेल तर ओळखीचा माऊस द्यावा, त्यात हार मानल्यासारखे काही नाही.

थंडी ओसरल्यावर पहिला बदल फक्त जिवंतपणाचा करावा. नुकताच मारलेला, अजून कोमट असलेला माऊस लांब चिमट्याने शेपटीच्या बाजूला धरून द्यावा. तो विकणाऱ्याकडूनच त्रास न होता मारून घ्यावा, मात्र इंजेक्शन देऊन मारलेला प्राणी सापाला कधीही घालू नये, कारण ते औषध सापाच्या पोटात जाते. दोन-तीन वेळा तिने असा माऊस खाल्ला की मग गोठवून वितळवलेला माऊस द्यावा. वास तोच आणि आकारही तोच राहिल्याने बहुतेक साप ही पायरी फारशी कुरकुर न करता ओलांडतात. 

त्यानंतर रॅट आणावा, पण त्याच आकाराचा. पूर्ण वाढलेला माऊस साधारण २० ते ३० ग्रॅमचा असतो आणि त्याच वजनाचे रॅटचे पिल्लू मिळते. पहिला माऊस तिने गिळत आणला, त्याच्या मागच्या पायांपर्यंत तिचे तोंड पोचले, की रॅटचे पिल्लू त्याला लागूनच हळूच पुढे सरकवावे. त्या वेळी तिचे जबडे चालू असतात आणि माऊसचा वास तोंडात असतो, त्यामुळे दुसरे भक्ष्य ती त्याच ओघात पुष्कळदा गिळून टाकते. हे दोन-तीनदा साधले की पुढच्या खेपेस रॅटचे पिल्लू एकटेच द्यावे, परंतु ते माऊसच्या पिंजऱ्यातील वापरलेल्या भुशासोबत बंद पिशवीत काही तास ठेवून, विशेषतः तोंडाकडील भागाला तो भुसा नीट चोळून. प्रत्येक खेपेस भुसा कमी करत न्यावा. शेवटी आकार वाढवावा. आपल्या मादीला ६० ते ८० ग्रॅमचा एक रॅट दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरेसा आहे, म्हणजे सध्याच्या तीन माऊसच्या जागी एकच. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी, हे माप डोळ्यांनीही घेता येते.

दोन प्रयत्नांमध्ये आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे. रोज रात्री उंदीर नाकासमोर नाचवल्यास साप त्या चिमट्यालाच भिऊ लागतो. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ दिसू लागतात, त्या दिवसांत प्रयत्नच करू नये. तिने अन्न उलटून टाकले तर निदान दोन आठवडे थांबून, पहिल्यापेक्षा लहान भक्ष्यापासून पुन्हा सुरुवात करावी. हा सगळा प्रवास कधी दीड महिन्यात संपतो, कधी सहा महिने घेतो, आणि कोणती मादी कोणत्या गटातील हे आधी ओळखण्याची खूण मला आजवर सापडलेली नाही.

वितळवण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण बरेच नकार तेथेच तयार होतात. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री बंद पिशवीत, डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिशवी तशीच कोमट पाण्यात बुडवावी आणि शेवटच्या काही मिनिटांत पाणी थोडे गरम करून उंदराच्या अंगाचे तापमान ३८ ते ४० अंशांवर आणावे, डोके सर्वांत गरम असावे. मायक्रोवेव्ह वापरू नये, त्यात उंदीर बाहेरून शिजतो, आत गार राहतो आणि कधी फुटतो. उंदीर ओला झाल्यास पुसून कोरडा करावा. रात्री, खोलीतील दिवा मंद करून, समोरून न आणता बाजूने आणावा, कारण समोरून येणारी वस्तू भित्र्या सापाला हल्ला वाटते. घेतला नाही तर बिळाच्या तोंडाशी ठेवून, पेटी झाकून, सगळ्यांनी खोलीबाहेर जावे. माणसे दारातून पाहत उभी असताना न खाणारे अनेक साप एकांतात निमूटपणे खातात. सकाळी उरलेला उंदीर टाकून द्यावा, पुन्हा गोठवू नये.

जिवंत भक्ष्य देणे बंद करण्याचा आपला निर्णय योग्य आहे आणि त्यासाठी केवळ सोय हेच कारण नाही. कोंडलेला रॅट स्वतःच्या बचावासाठी चावतो, आणि न खाणाऱ्या सापाजवळ तो रात्रभर राहिला तर सापाच्या पाठीचे मांस कणा दिसेपर्यंत कुरतडल्याची उदाहरणे पशुवैद्यांना परिचित आहेत. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सोसायटीतील मुलांना बोलावून जिवंत उंदीर खाताना दाखवण्याची पद्धत काही घरांत पडली आहे. निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : आमचे घर शाकाहारी आहे. मुलाने पाळलेल्या बॉल पायथनसाठी फ्रीजमध्ये उंदीर ठेवण्यास सासूबाईंचा सक्त विरोध आहे. सापाला हळूहळू अंड्यांवर वळवता येईल का?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : नाही, वळवता येणार नाही. अंड्यांवर जगणारे साप जगात आहेत. आपल्या विदर्भातही भारतीय अंडीखाऊ साप आढळतो. परंतु त्यांच्या मणक्यांना आतून टोके असतात, त्यांनी ते कवच फोडतात आणि मग टरफल बाहेर टाकतात. तशी रचना बॉल पायथनपाशी नाही. त्याला हाडे, कातडी, यकृत, केस यांसकट संपूर्ण प्राणी लागतो, आणि हाडांतून मिळणारे कॅल्शियम पनीर, दूध किंवा सोललेले अंडे यांतून त्याला मिळू शकत नाही. पक्षी मात्र त्याच्या नैसर्गिक आहारात आहेत, जंगलात लहान बॉल पायथन आणि नर पक्षी बऱ्याच प्रमाणात खातात. म्हणून उंदीर न मिळाल्यास एक दिवसाचे कोंबडीचे पिल्लू हा पर्याय निघतो, पण त्याने आपल्या घरातील प्रश्न सुटत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मला अवाजवी वाटत नाही. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी उंदरांच्या आणि सापांच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि ते गोठवल्याने मरत नाहीत. स्वयंपाकाच्या फ्रीजमध्ये भक्ष्य ठेवूच नये. मुलाच्या खोलीत एक लहान, वेगळा फ्रीझर, वितळवण्यासाठी वेगळा डबा आणि बादली, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे, एवढी व्यवस्था होत असेल तर साप ठेवावा. घरात पाच वर्षांखालील मूल असल्यास त्याला सापाची पेटी आणि ती भांडी हाताळू देऊ नयेत. ही व्यवस्था होणार नसेल, तर साप अशा घरी द्यावा जेथे त्याला त्याचे अन्न मिळेल, आणि हस्तांतराची नोंद संकेतस्थळावर करावी.

प्रश्न : माझ्या कॉर्न स्नेकच्या दोन महिन्यांच्या पिल्लाने माऊसचे नवजात पिल्लू आजवर घेतलेले नाही. घरातील पाल मात्र त्याने झडप घालून खाल्ली. रोज पाली पकडून देऊ का?
— एक वाचक, औंध

उत्तर : देऊ नये. पिल्लाने पाल ओळखली यात नवल नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातील या सापाची पिल्ले जंगलात लहान सरडे आणि बेडूक खाऊनच वाढतात, उंदरांकडे ती मोठी झाल्यावर वळतात. परंतु भिंतीवरच्या पालीच्या अंगात जंत असतात, शिवाय पेस्ट कंट्रोलचे विष खाल्लेले झुरळ तिच्या पोटात असू शकते. पाल खाण्याची सवय लागली की माऊसकडे वळवणे आणखी अवघड होते.

माऊसचे नवजात पिल्लू साध्या कोमट पाण्याने नीट धुऊन त्याचा वास उतरवावा, कोरडे करावे आणि मग मीठ, कांदा, लसूण काहीही न घातलेल्या कोंबडीच्या पाण्यात क्षणभर बुडवून द्यावे. ते नाकारल्यास माऊसच्या मेलेल्या पिल्लाच्या डोक्याला सुईने बारीक छिद्र पाडावे, आतील ओलाव्याचा वास सापाच्या पुष्कळ पिल्लांना खाण्यास प्रवृत्त करतो. हे लिहिताना आणि करताना बरे वाटत नाही हे खरे, पण यानेच अनेक पिल्ले वाचलेली आहेत. मोठ्या पेटीत पिल्लू बावरते, म्हणून हवेसाठी छिद्रे असलेल्या लहान डब्यात कागदाच्या तुकड्यांवर त्याला भक्ष्यासोबत रात्रभर, उबदार जागी ठेवावे. दोन महिन्यांच्या पिल्लाजवळ साठा फार थोडा असतो. पुढील दोन आठवड्यांत यश आले नाही तर पशुवैद्यांकडे न्यावे, तोंड उघडून भरवणे घरी करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात विहिरीतून वाचवलेली पाणदिवड टाकीत ठेवली आहे. ती बेडकांशिवाय काही खात नाही. तिला उंदीर खायला कसे शिकवावे?
— एक वाचक, धायरी

उत्तर : शिकवू नये. पाणदिवड मासे आणि बेडूक खाणारा साप आहे आणि तो आपल्या परिसरातील वन्य जीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो, किंवा धामण, तस्कर, कवड्या यांपैकी कोणताही देशी साप, घरात ठेवता येत नाही. आपण तिला वाचवलेत याबद्दल मनापासून आभार. आता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आलेल्या माणसांना ती कोणत्या विहिरीत, कोणत्या महिन्यात सापडली आणि टाकीत काय काय खाल्ले, हे सांगावे, म्हणजे तिला त्याच पाण्याजवळ सोडणे त्यांना सोपे जाईल. ते येईपर्यंत टाकीत उंदीर टाकू नये, फक्त अंग बुडेल एवढे स्वच्छ पाणी आणि बसायला कोरडा दगड ठेवावा.